येळवशीची चौकशी

जनवाडा, कार्तिक वद्य द्वितीया, शके १८५८

चि. श्रीपतरावास सत्यभामाआत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडं सगळं खुशाल हाय. तूर फुलावर आली, म्हैस व्याली, वाटेकऱ्याचं आन माझं भांडण रोजच्यासारखं चालू हाय. म्हणजे काळजीचं काही न्हाई.

आता कामाचं. माझी मैतरीण सिद्धव्वा तुला आठवत असंल. लहानपणी गुळाचा खडा देऊन तुझ्याकडनं बोरं गोळा करून घ्यायची, तीच. नवरा गेला, पोटी लेकरू न्हाई. दिराचा लेक हणमंतप्पा हाय, त्यानं उन्हाळ्यात तिला बीदरला नेऊन मैलूरच्या आश्रयघरात ठेवलं. "म्हाताऱ्या बायांची तिथं लई चांगली सोय हाय," म्हणाला. त्या घराच्या पंचमंडळाचा तूच चिटणीस, म्हणून मी बी मान हलवली.

परवा बाजाराला गेले तवा तिला भेटून यावं म्हटलं. घर चालवणारा तो किशनराव, त्याची बायको सुशीलाबाई दारातच भेटली. लई हसरी बाई. बोलताना हसती, गप बसली तरी हसती. माझ्या आन सिद्धव्वाच्या मधी बसली ती उठलीच न्हाई. आन सिद्धव्वा! मांजरेच्या काठी बसली तर नदीला बोलू द्यायची न्हाई, ती बाई गप. मी विचारलं, "जेवलीस का?" तर तिनं आधी सुशीलाबाईकडं बघितलं, मग म्हणाली, "व्हय." आपण जेवलाव का न्हाई हे सांगायला बी दुसऱ्याचं तोंड बघावं लागतंय का रे?

निघताना तिनं माझा हात धरला, सोडीना. तिचं मनगट म्हणजे वाळली काटकी.

तू चिटणीस हायस. जरा बघ. तुझ्या बायकोला, गीताला, आशीर्वाद सांग.

तुझी आत्या


गुलबर्गा, ४ डिसेंबर १९३६

ती. गं. भा. आत्याबाईंस श्रीपतचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र मिळताच किशनरावांना लिहून खुलासा मागवला. उलट टपाली उत्तर आले, आणि काय सुंदर अक्षर! सिद्धव्वाची प्रकृती ठणठणीत असून ती रोज भजनात रमते, असे ते कळवतात.

आश्विनात आम्ही सारे पंच पाहणीला गेलो होतो. त्यांची धांदल नको म्हणून आठवडाभर आधी कळवले होते. अंगण सारवलेले, बायका नव्या लुगड्यांत ओळीने बसलेल्या. आम्हाला शिरा मिळाला, त्यात बेदाणेसुद्धा होते. आमचे अध्यक्ष बंडेप्पा यांनी प्रत्येकीला स्वतः विचारले, "सुखात आहात ना?" प्रत्येकीने "व्हय" म्हटले. हे घर त्यांच्या वडिलांनी बांधले, दारावर वडिलांचे नाव आहे, त्यामुळे त्यांचा जीव तिथे गुंतलेला असतो. माझी निम्मी वकिली त्यांच्या ओळखीवर चालते हे आपण जाणताच. पुराव्यावाचून त्यांच्यापुढे काय बोलणार?

वय झाले की माणूस अबोल होतो, आत्याबाई. आपण फार मनाला लावून घेता.

आपला, श्रीपत


जनवाडा, कार्तिक वद्य दशमी

चि. श्रीपतरावास आशीर्वाद.

कळवून गेलास तर उकिरडा बी रांगोळी काढून बसंल, बाबा. आन वय झालं की माणूस अबोल होतंय म्हणतोस, तर सिद्धव्वापेक्षा मी वर्षानं मोठी हाय. मी झाले का अबोल?

तुला पुरावा पाहिजे. बरं. उद्या मी आश्रयघरात जायलेय. बघायला न्हाई, राहायला. सुशीलाबाईला सांगणार, तुमचं घर मला लई आवडलं, मैतरीण बी इथंच हाय, आन गुलबर्ग्याचा भाचा मला विचारत न्हाई. तुझं नाव सांगणार न्हाई, भिऊ नको. रडायला लागलं तर म्हणून पदराला कांदा बांधलाय. न्हाईतर तुझं पत्र हायच.

उत्तर आश्रयघराच्या पत्त्यावर धाडू नको. मैलूरात भागव्वा म्हणून भाजीवाली हाय, ती रोज तिथं मेथी-शेपू घेऊन जाती. माझ्या ओळखीची हाय. तिच्या घरी धाड, ती टोपलीत घालून आणील. मी बी तिच्याच हातानं धाडीन.

म्हैस वाटेकऱ्याच्या बायकोकडं दिली. तू अडवायला येशील म्हणून पत्र उशिरा टाकायलेय. तुला मिळंल तवा मी आत असंन.

आत्या


आश्रयघर, मैलूर, बीदर. मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

चि. सौ. गीतास आशीर्वाद विशेष.

मी येथे अत्यंत सुखात आहे. येथे नव्या आलेल्या प्रत्येक बाईने घरी खुशालीचे पत्र पाठवायचे असते. मला लिहिता येते हे पाहून किशनरावांना नवल वाटले. मजकूर काय असावा हे ते शेजारी बसून प्रेमाने सांगत आहेत. पत्र तुझ्या माहेरच्या पत्त्यावर पाठवते.

येथील जेवण थेट आपल्या कमलनगरच्या लग्नातल्यासारखे आहे. सुशीलाबाईंची माया पाहून मला माझ्या सासूबाईंची रोज आठवण येते. घरातल्या शहाण्या माणसाला सांग, त्याचे म्हणणे अगदी खरे निघाले.

काळजी नसावी.

सत्यभामाबाई


गुलबर्गा, २२ डिसेंबर १९३६

ती. आत्याबाईंस शिरसाष्टांग नमस्कार.

आपण मला न विचारता गेलात म्हणून रागावलो होतो. पण गीताच्या माहेराहून आपले पत्र आले आणि राग कुठल्या कुठे पळाला. आपली चूक इतक्या मोकळ्या मनाने कबूल करणे आपल्यालाच जमते! जेवण लग्नातल्यासारखे, माया सासूबाईंसारखी! बंडेप्पांनाही वाचून दाखवावे म्हणतो. आता चार दिवस विश्रांती घ्या आणि परत या.

आपला, श्रीपत

आत्याबाईंस गीताचा नमस्कार. वरचे लिहून ह्यांनी पाकीट माझ्याकडे दिले. मी तुमचे पत्र ह्यांना पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवले. कमलनगरच्या लग्नात सगळे वऱ्हाड तीन दिवस लोटा घेऊन रानात पळत होते, तिथवर आले आणि ह्यांचा हात आपोआप पोटावर गेला. तुमच्या सासूबाई तुम्हाला चुलीतले लाकूड दाखवायच्या, हेही आठवले.  वरचा मजकूर फाड म्हणाले. पण तिथे तुम्हाला हसू कुठून मिळणार, म्हणून तसाच पाठवते. खरे काय ते कळवा.

तुमची, गीता


मैलूर, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

चि. सौ. गीतास आशीर्वाद.

हसले गं बाई. सिद्धव्वाला बी वाचून दाखवलं, तर तिच्या तोंडावर बी जरा उजेड पडला. इथं आल्यापासून पहिल्यांदा.

आता खरं ऐक. दिवस मावळला की बाहेरनं अडसर पडतोय. ताटात ज्वारीच्या कण्या घातलेली पातळ पेज, त्यात आपलं तोंड दिसतंय. पण जेवणाचं सोड, गरिबाघरी बी असंच असतंय. इथं पाणी देत न्हाईत. का, तर पाणी प्यालं की म्हातारीला उठावं लागतंय, तिला उठवायला कुणीतरी जागावं लागतंय. म्हणून सांजच्याला एक वाटी, झालं. उन्हाळ्यात काय करत असतील देव जाणे. तुमचे पंच येऊन गेले की नवी लुगडी घडी घालून पेटीत. आन सुशीलाबाई हसत हसतच चिमटा काढती, दंडाच्या आतल्या बाजूला, दिसू नये असा.

चन्नव्वा म्हणून आंधळी म्हातारी हाय. तिचा पाय खाटेला बांधलाय, लुगड्याच्या काठानं. विचारलं तर म्हणाली सुशीलाबाई, "विहिरीत पडंल, माय." विहिरीला कठडा बांधायचा सोडून म्हातारीला बांधलंय.

मला वाटलं हुतं, मी आलेली बघून सिद्धव्वाला आनंद होईल. ती रडली. म्हणाली, "तुला बी टाकलं का गं कुणी?" मी कानात खरं सांगितलं, तवा अजून रडली. दसऱ्याला हणमंतप्पा आला हुता, त्याला हिनं सगळं सांगितलं. तो शहाणा सरळ किशनरावाकडं विचारायला गेला. तो गेल्यावर हिला लाकडाच्या खोलीत कोंडलं. तवापासून हिचं बोलणं गेलं. समद्यांना एकच भ्या घातलंय, तक्रार केली तर रस्त्यावर काढू, आन घरचे तर तुम्हाला घ्यायचे न्हाईत. घरचे घेणार न्हाईत हे खरं असल्यावर माणूस काय बोलणार?

श्रीपतला म्हणावं, "व्हय" म्हणजे हे.

उद्या मी चन्नव्वाची गाठ सोडणार हाय. बघू काय व्हतंय ते.

आत्या


गुलबर्गा, २ जानेवारी १९३७

आत्याबाईंस गीताचा नमस्कार.

शुद्ध द्वादशीनंतर तुमचे पत्र नाही. भागव्वाने मोटारवाल्याकडे निरोप दिला की बाई काही दिवस दिसल्या नाहीत. हे कोर्टातून येतात, पत्र आले का विचारतात, आणि ताटावरून उठतात. एक ओळ तरी लिहा.

गीता


मैलूर, मार्गशीर्ष वद्य अष्टमी

चि. श्रीपत व सौ. गीता यांस आशीर्वाद.

कामून एवढी काळजी करायलाव? मी मजेत हाय. चन्नव्वाची गाठ सोडली, तिला धरून अंगणात फिरवली. म्हातारी उन्हाकडं तोंड करून उभी ऱ्हायली ती हलायलाच तयार न्हाई. मग सुशीलाबाई आली. मग थोडी बोलाचाली झाली आन मला बी ती लाकडाची खोली बघायला मिळाली. प्रशस्त हाय. एक पाल हुती, तिच्याशी गप्पा मारल्या. सुशीलाबाईपेक्षा बरी.

बाहेर आले तवा सिद्धव्वा दाराशी बसलेली. उठ म्हटलं तरी उठली नव्हती म्हणं, जेवली बी न्हाई. तिनं माझा पदर झटकून दिला.

चन्नव्वाचा पाय पुन्हा बांधलाय. बाकी ठीक.

आत्या


गुलबर्गा, ७ जानेवारी १९३७

ती. आत्याबाईंस श्रीपतचा नमस्कार.

हाताला काय झाले?

गीताने दाखवायच्या आधी मला दिसले. पाटीवर माझा हात धरून तुम्हीच मला अक्षर गिरवायला शिकवलेत. तुमची वेलांटी मला पाठ आहे. या पत्रात ती अशी पडली आहे, जणू डाव्या हाताने काढली. 'प्रशस्त हाय' वाचून मी हसलो नाही, आत्याबाई.

त्याच पावली बंडेप्पांकडे गेलो. ते म्हणाले, "वकीलसाहेब, मी स्वतः विचारले आहे, सगळ्या सुखात आहेत." मी म्हणालो, तसे असेल तर माझ्या जागी दुसरा चिटणीस बघा. एवढे बोलून त्यांच्याच ओसरीवर मटकन बसलो. त्यांनी पाणी मागवले. मग आवाज खाली आणून विचारले, "इतके काही आहे का?"

मी उद्याच पोलीस घेऊन येणार होतो. गीता म्हणाली, पोलिसांपुढेही बायका "व्हय"च म्हणतील, आणि पोलीस गेल्यावर अडसर पुन्हा पडेल. त्यांना आधी त्या भिंतींच्या बाहेर काढा. मंगळवारी अमावस्येला येळवस आहे, शेताच्या पूजेचा सण. त्या दिवशी कुणी कुणाला रानात जेवायला बोलावले तर नाही म्हणायची रीत नाही. बंडेप्पांनी किशनरावांना कळवले आहे की, म्हाताऱ्यांना रानात जेवू घालायचे पुण्य त्यांना घ्यायचे आहे. गाड्या जनवाड्याला तुमच्या शेतात येतील. गीता पुढे जाऊन स्वयंपाकाचे बघते.

मला मात्र त्याच दिवशी कोर्टात उभे राहायचे आहे. एका अशिलाच्या गळ्याशी आले आहे, त्याला सोडून येता येत नाही.

मंगळवारपर्यंत निभेल का? नाही म्हणालात तर भागव्वाकडून निरोप द्या, सगळे बाजूला ठेवून न्यायला येतो.

तुमचा, श्रीपत


जनवाडा, पौष शुद्ध प्रतिपदा

चि. श्रीपतरावास आशीर्वाद.

निभलं. हात मुरगळला हुता, गीतानं हळद बांधली, आता बरा हाय. तू नव्हतास म्हणून सगळं सविस्तर लिहायलेय. कोर्टात जाताना न्हाई, निवांत बसून वाच.

तीन गाड्या आल्या. किशनराव आन सुशीलाबाई आमच्या पुढच्या गाडीत, नवी लुगडी आमच्या अंगावर. चन्नव्वाला दोघींनी उचलून गाडीत बसवलं. गाव मागं पडलं, तुरीचा वास आला, तशी ती नाक वर करून म्हणाली, "शेंगा भरल्यात." आन समद्या जणी हसल्या.

गीतानं कडब्याची कोप छान घातली हुती. पूजा झाली. डाळी-भाज्यांच्या भज्जीचं पातेलं उघडलं, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. बंडेप्पा आपल्या हातानं वाढायला उठले. मोठा माणूस, पण वाढताना लेकरागत वाढत हुते. गीता पाण्याची घागर घेऊन फिरायली. चन्नव्वानं तांब्या तोंडाला लावला तो संपवला. म्हणाली, "अजून घिऊ का?" गीतानं भरला. तो बी संपवला. "अजून घिऊ का?"

बंडेप्पा हसले. "आज्जी, पाण्यानंच पोट भरायलीस. जेवणार कशी?"

ती म्हणाली, "कोण हाय ते दिसत न्हाई, बाबा. पण पुन्हा कधी मिळंल ठावं न्हाई."

बंडेप्पाचा हात पळीवरच थांबला. सुशीलाबाई पटकन म्हणाली, "वय झालंय, मालक, काही बी बोलती." हसली. बंडेप्पा हसले न्हाईत. मग त्यांनी ओळीकडं नीट बघितलं. प्रत्येकीचा डावा हात पदराखाली. उंडे लपवायल्या हुत्या बाया, समोर पातेली भरून ठेवलेली असताना.

त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "सुखात आहात ना?" समद्यांनी सुशीलाबाईकडं बघितलं. "व्हय." माझ्या जिभेवर आलं हुतं, पण गीतानं डोळ्यानं दाबलं. बरं केलं. मी बोलले असते तर माझंच भांडण झालं असतं.

दिवस कलला. बैलं जुपली. किशनराव गाडीपाशी उभा ऱ्हाऊन म्हणाला, "चला, बायांनो."

कुणी उठलं न्हाई.

त्यानं पुन्हा हाक मारली. बाया तशाच बसलेल्या, कोपीच्या सावलीत, एकमेकीला खेटून. आपसात काही ठरलं नव्हतं रे, मी तिथंच हुते. किशनराव आला आन त्यानं सिद्धव्वाच्या दंडाला धरलं, नेहमीसारखं. ती म्हणाली, "न्हाई."

त्याला आधी ऐकूच आलं न्हाई. तिनं हात सोडवून घेतला आन मोठ्यानं म्हणाली, "मी यायची न्हाई. रस्त्यावर बसते. रस्त्यावर पाणी तरी मिळतंय."

आन मग बांध फुटला. सिद्धव्वा अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बोलायली. चिमटे, अडसर, लाकडाची खोली, समदं. ती दम घ्यायला थांबली की दुसरी बोलायची. एकीनं सगळ्यांदेखत बाही वर करून दंड दाखवला. चन्नव्वानं पाय पुढं केला. बंडेप्पा खाली वाकले, तिच्या घोट्याभोवतीचा काळा वळ बघितला, आन तिथंच मातीत बसले. सुशीलाबाईचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा गेलं. मला वाटलं हुतं ते बघून मला लई बरं वाटंल. तसं वाटलं न्हाई. हसू नसलेलं ते तोंड नुसतं दमल्यालं दिसत हुतं.

बंडेप्पा सिद्धव्वाला म्हणाले, "मी दर वेळी विचारत होतो, अक्का. तवा कामून सांगितलं न्हाई?"

सिद्धव्वा म्हणाली, "तुम्ही विचारून जात हुता, मालक. आम्ही तिथंच ऱ्हात हुताव."

बंडेप्पा उठले. किशनरावाला म्हणाले, किल्ल्या इथं ठेव. त्यानं ठेवल्या. दोघं चालत बीदरच्या वाटेला लागले. गाड्या रिकाम्याच परतल्या. बाया माझ्या घरात हायत, ओसरीत, माळवदावर, गोठ्यात बी. म्हैस घाबरलीय.

तुझ्या अशिलाचं काय झालं?

आत्या


गुलबर्गा, १८ जानेवारी १९३७

ती. आत्याबाईंस श्रीपतचा शिरसाष्टांग नमस्कार.

अशील सुटला. पेढे घेऊन आला, पण आपले पत्र वाचत होतो, तो दारात उभा राहून कंटाळला.

पंचांची बैठक झाली. किशनराव दंपतीला काढले. मी फौजदारी अर्ज दिला आहे. ते काय म्हणतील ठाऊक आहे, म्हाताऱ्यांची बुद्धी फिरली आहे. निकाल आपल्या बाजूने लागेलच असे वकील म्हणून सांगू शकत नाही. पण साक्ष द्यायला सगळ्या तयार आहेत, हे मी भर बैठकीत सांगितले. या खेपेला मटकन बसलो नाही, उभ्याने बोललो.

अडसर काढून टाकायचा ठराव झाला. विहिरीला कठडा. पाहणी न कळवता, आणि ती बायकांनी बायकांची करायची, असे गीताने सुचवले. हणमंतप्पाला पत्र लिहिले आहे. त्याने जमेल तसे केले होते, त्याला फार बोलू नका.

आता पंचांची आपल्याला विनंती आहे, घर आपण चालवावे.

आणि माझे पहिले पत्र कृपा करून चुलीत घाला.

आपला, श्रीपत


जनवाडा, पौष वद्य तृतीया

चि. श्रीपतरावास आशीर्वाद.

पत्र चुलीत घालणार न्हाई. सिद्धव्वाला ते रोज ऐकायचं असतंय. वाचत बेदाण्यांपाशी आलाव की दोघी हसताव.

घर मी चालवणार न्हाई. मला हुकूम सोडायची सवय हाय, वाटेकऱ्याला विचार. त्या घरानं हुकूम लई ऐकले. भागव्वाला स्वयंपाक द्या, आन त्यांच्यातलीच एकजण किल्ल्या सांभाळंल. कुणी, ते त्यांनीच ठरवावं. भांडतील. भांडू दे.

सिद्धव्वा माझ्याकडंच ऱ्हायलीय. हणमंतप्पा न्यायला आला हुता, ओशाळून पायरीवर बसला. तिनं त्याला जेवू घातलं आन एकटा परत धाडला. आता ती पहाटंपासून बोलायली की म्हशीला बी पान्हा फुटत न्हाई. मीठ कमी पडलं म्हणती, पाणी जास्त तापलं म्हणती. काल मी म्हटलं, "जरा गप बस गं," आन म्हटल्यावर मीच जीभ चावली. तिनं काही ऐकलंच न्हाई, पुढं बोलायली.

बाकीच्यांना काल मैलूरला पोचवून आले. अडसर काढलाय, दाराला नुसती भोकं ऱ्हायलीत. सांज झाली, दिवे लागले, आन बघते तर चन्नव्वाची खाट रिकामी.  विहिरीकडं पळाले. तिथं न्हाई. दाराकडं बघितलं तर म्हातारी भिंत चाचपत बाहेरनं आत यायली.

"कुठं गेलतीस गं?" मी वरडले.

म्हणाली, "कुठं न्हाई. जाऊन आले."

आन आपल्या खाटेवर जाऊन बसली.

गीताला आशीर्वाद सांग.

तुझी आत्या